चिनी डागतराची माती

आष्ट्यात त्या घराला लिऊंचं घर असं कुणी म्हणत नसे. 'चिनी डागतराचं घर' म्हटलं की नवखा रिक्षावालाही बरोबर दारात आणून सोडायचा. डागतर म्हणजे लिऊ वेन-हाई. नव्वदीला टेकलेले, हडकुळे, कानांवर पांढऱ्या केसांचे दोन झुपके तेवढे राहिलेले. आसपासच्या गावांतल्या तीन पिढ्यांचे दात त्यांनी काढले होते आणि कवळ्या बसवल्या होत्या. हात थरथरू लागले तेव्हा एका सकाळी त्यांनी चिमटा पुसून फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा कधी उघडला नाही. तेव्हापासून त्यांची मुलगी मीना मागच्या खोलीत कवळ्या घडवायची आणि इस्लामपूर-सांगलीच्या दवाखान्यांना पोचवायची.

मीनाचं खरं नाव मेइ-फांग. शाळेत घालताना बाईंनी ते दोनदा विचारलं आणि मग स्वतःच 'मीना' लिहून टाकलं. आता ती साठीच्या पुढं गेली होती. लग्न झालं नव्हतं. कलकत्त्याच्या चिनी घरांतून एक-दोन स्थळं आली होती, पण तेव्हा बापलेकीला तालुका सोडायलाही पोलिसांची परवानगी लागायची. कोण कशाला असल्या भानगडीत पडेल? तिनं तो विषय मनातून काढून टाकला. तिचं बोलणं-चालणं, खाणं-पिणं सगळं इथलंच. चिनी तिला समजायचं, बोलताना मात्र अडखळायची. वडिलांना ती बाबा म्हणायची, आणि हा शब्द त्यांच्या दोन्ही भाषांत एकच होता.

बाबांचे वडील चीनच्या हुबेई प्रांतातले. तिकडं नदीला पूर आला की शेतं बुडायची आणि माणसं पोटामागं बाहेर पडायची. कागदाची फुलं करून जत्रेत विकायची आणि दुखरे दात काढायचे, हे दोन धंदे शिकून ते पोराला घेऊन निघाले. ब्रह्मदेश, कलकत्ता, मुंबई असं करत साताऱ्यात आले आणि तिथंच थांबले. का थांबले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणायचे, "पाय दुखलं असतील." पुढं ते साताऱ्यातच वारले. जुन्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात त्यांना पुरलं आणि बाबांनी सदाशिव पेठेतल्या एका बोळात दातांचं दुकान थाटलं. कलकत्त्याची बायको केली. मेइ-फांग झाली.

बासष्ट साली लढाई पेटली. सातारा म्हणजे घरटी एक शिपाई. रोज कुठल्यातरी आळीत तार यायची आणि रडणं उठायचं. मग एका सकाळी बोळाच्या तोंडाशी शिट्टी वाजली. पोलिसांनी नवराबायकोला सांगितलं, थोड्या दिवसांचे कपडे घ्या, चला. आगगाडीनं त्यांना राजस्थानात नेलं, देवळीच्या तळावर. लांबच लांब बराकी, भोवती काटेरी तारा, आत आसामपासून मुंबईपर्यंतची शेकडो चिनी माणसं. मेइ-फांग तेव्हा चार वर्षांची होती. तिला आठवायचं ते एवढंच: पायाखालची तापलेली वाळू आणि आईच्या ओच्याचा वास.

पुढच्या साली चीनहून मद्रासला जहाजं आली. ज्यांना परत जायचं होतं त्यांनी नावं द्यायची होती. आईला जायचं होतं. इथं काय उरलंय, असं तिचं म्हणणं. बाबा नाही म्हणाले. गावाकडं दुष्काळात माणसं झाडांच्या साली खाऊन मेली, हे त्यांच्या कानावर आलं होतं. आई त्यावर भांडली नाही, बोलायची थांबली. जहाजं गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिला ताप भरला आणि त्यातच ती गेली. तिला तारांच्या पलीकडं पुरलं.

सुटून साताऱ्याला आले तर दुकानात शिंपी बसला होता. बाबांची खुर्ची, दात कोरायचं पायाचं यंत्र, आरसा, सगळं लिलावात गेलं होतं. बाबा दारात थोडा वेळ उभे राहिले, शिंप्याला नमस्कार केला आणि लेकीचं बोट धरून स्टँडवर आले. आष्ट्याला आले ते इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं म्हणून. दर आठवड्याला पोलीस चौकीत हजेरी लावायची, आणि ती मीनाची तिशी उलटेपर्यंत सुटली नाही. पण गाव भलं निघालं. दुखऱ्या दाढेला चिनी काय आणि मराठी काय!

दोन हजार वीसचं साल उजाडलं तोवर बाबांची आठवण फुटक्या घागरीसारखी झाली होती. सकाळचं दुपारी राहत नसे. मीनाला ते कधी लेक समजायचे, कधी बायको. आंघोळ घालायला, भरवायला दगडाबाई होती. जतकडची धनगराची बाई, नवरा गेल्यावर आष्ट्याला आली आणि या घरात रुळली. बाबा तिला कधी ओळखायचे, कधी नाही. तिला त्याचं काही नव्हतं.

त्या जानेवारीत टीव्हीवर बातमी लागली. नकाशा आला, त्यावर लाल ठिपका, आणि बातमी वाचणारी मुलगी म्हणाली, हुबेई. बाबा खुर्चीत ताठ बसले. इतक्या वर्षांत त्या खोक्यातून हे नाव त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आपलं गाव दावत्यात," ते दगडाबाईला म्हणाले. "बग, बग. आपली नदी."

"व्हय जी, दिसतीया," दगडाबाई म्हणाली.

रस्त्यांवरून पांढऱ्या पोशाखातली माणसं स्ट्रेचर पळवत होती. बाबा हसत बघत होते. मीनानं टीव्ही बंद केला तर ते रागावले, लहान मुलासारखे. तिला पुन्हा लावावा लागला.

फेब्रुवारीत बाजारात पोरं तिच्यामागं 'कोरोना, कोरोना' करत धावली. तिनं मान वळवली नाही. मार्चमध्ये भाजीवाल्यानं तिच्या हातातून नोट न घेता पाटीत टाकायला सांगितली. इतकी वर्षं ती त्याच्याकडूनच मेथी घेत होती, त्याच्या आईची कवळी तिनंच केली होती. तो नजर चुकवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका मावशी, सगळ्यांनाच सांगतोय." पुढच्या बाईची नोट त्यानं हातात घेतली.

मग इस्लामपुरात पेशंट सापडले. तालुका गपकन मिटला. रस्त्यावर अडसर उभे राहिले, गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले गेले, आणि पोलिसांची शिट्टी वाजली.

ती शिट्टी ऐकून बाबा खुर्चीतून उठले. कुणाच्या आधाराशिवाय उठले, हे बघून दगडाबाई दचकली. ते आतल्या खोलीत गेले, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि त्यात कपडे भरू लागले.

"बाबा, कुठं निघालाय?" मीनानं विचारलं.

"आलं त्ये," बाबा म्हणाले. "तू दोन-दोन कपडे घाल अंगावर. थंडी लय असतीया रात्रीची. पोरीला पण घाल."

"कुणी आलं नाही, बाबा. रोग आलाय, म्हणून बंद केलंय सगळं."

बाबांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. "असंच सांगत्यात," ते म्हणाले.

त्या दिवसापासून पेटी भरून दाराशी राहिली. मीना ती उचलून आत ठेवायची, बाबा पुन्हा बाहेर आणायचे. ते दाराशी बसून राहू लागले. गावात काय चाललंय हे त्या घरात त्यांना एकट्यालाच नीट कळलंय असं मीनाला वाटायचं, आणि मग त्या विचाराचीच भीती वाटायची.

बाबांना खोकला होता. वर्षानुवर्षांचा, कवळ्यांच्या साच्यांच्या प्लॅस्टरच्या धुळीनं जडलेला कोरडा खोकला. पूर्वी तो गल्लीत कुणाच्या कानावरही येत नसे. आता बाबा खोकले की समोरच्या घराची खिडकी लागायची.

एका दुपारी जयराज आला. गल्लीतलाच तरुण, गावच्या दक्षता समितीत होता. दारापासून लांब, बांबूला टेकून उभा राहिला.

"मावशी, एक इचारू का? रागावू नका. तुमच्याकडं बाहेरचं कोण आलं हुतं का? तिकडनं?"

"तिकडनं म्हणजे कुठनं रं?"

"चीनमधनं."

"जयराज, आमच्याकडं चीनमधनं कोण येणार? माझे आजोबा आले होते, ऐंशी वर्षांमागं."

तो ओशाळला. पायानं माती उकरत म्हणाला, "मला म्हाईत हाय वो. पण लोकं आयकत न्हाईत. आजोबा खोकत्यात ते सगळ्यांला आयकू जातंय. माझ्या घरात तान्हं पोर हाय, मावशी." तो भ्याला होता, हे तिला दिसलं. तिनं त्याला पाणीही विचारलं नाही; घेतलं नसतं.

तक्रार कुणी केली ते तिला कळलं नाही. एप्रिलच्या मध्यावर, भर उन्हात, रुग्णवाहिका गल्लीत शिरली. बांबू सोडायला जयराजच पुढं होता. पांढऱ्या पोशाखातले तिघं उतरले. त्यांतल्या एकानं मीनाला सांगितलं की खोकला असलेल्या वयस्कर माणसाला आणि घरच्यांना तालुक्याच्या वसतिगृहात ठेवणार, तपासणी होणार, रिपोर्ट आला की सोडणार.

"आम्ही गावाबाहेरसुद्धा गेलो नाही," मीना म्हणाली.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, बाई. कपडे घ्या."

मीना दारातच आडवी उभी राहिली. पण बाबा शांत होते. ते तयारच होते. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पेटी उचलू पाहिली आणि जमलं नाही तेव्हा तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. दगडाबाईनं पेटी उचलून गाडीत ठेवली. ती स्वतः चढायला लागली तर त्यांनी तिला अडवलं. ती घरच्यांत मोडत नाही म्हणून तिला रिपोर्ट येईपर्यंत मागच्या पडवीतच राहायला सांगितलं.

गल्लीतली माणसं गच्च्यांवर उभी होती. काहींच्या हातात मोबाईल होते. शेजारचा बादशहा तेवढा खाली आला. त्याचा भाजीचा टेम्पो होता, तीस वर्षांचा शेजार होता, आणि मुसलमानांनी रोग आणला म्हणणाऱ्या बातम्यांमुळं त्या महिन्यात त्याच्याही घराकडं लोक वाकड्या नजरेनं बघत होते.

"साहेब, ह्यो माणूस घराबाहेर पडल्याला मी दोन वर्सांत बगितला न्हाई," तो म्हणाला. "कुठं नेताय त्येला ह्या उन्हात?"

"तुम्ही आत व्हा. तुमचाही नंबर लावू का?"

बादशहा आत झाला नाही. पण पुढंही आला नाही. गाडी वळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

वसतिगृह माळावर होतं. पोरं सुट्टीला गेलेली, लांबच लांब खोल्या, लोखंडी खाटा, पत्र्याचं छप्पर. आवाराला तारेचं कुंपण होतं. गाडीतून उतरल्यावर बाबांनी ते कुंपण पाहिलं, छपराकडं पाहिलं आणि मान डोलावली. ओळखीच्या जागी आल्यासारखी.

त्यांना कोपऱ्यातली खोली मिळाली. समीक्षा नावाची एक नर्स होती, वयानं लहान, बोलायला मऊ. तिनं दोघांच्या घशातून नाकातून काडी फिरवून नमुने घेतले. बाबांनी तोंड उघडलं ते अगदी नीट, पेशंटनं कसं उघडावं ते जन्मभर शिकवलेल्या माणसासारखं. काडी बाहेर आल्यावर ते तिला म्हणाले, "डाव्या अंगाची अक्कलदाढ किडलीया तुजी. बोलताना दिसली मगा. काढून घे." तिनं तोंडावरचा मास्क क्षणभर खाली ओढला होता तेव्हा त्यांनी पाहिलं असावं. समीक्षा हसली आणि मग डोळे पुसत बाहेर गेली. तिला घरी जाऊन महिना झाला होता.

जेवणाचे डबे यायचे. बाबा अर्धी चपाती खायचे आणि अर्धी उशीखाली ठेवायचे. मीनानं विचारलं तर म्हणाले, "पोरीला." ती पोरगी आपणच, हे सांगून काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी अर्धीही खायची सोडली. पत्रा तापायचा. दुपारी खोलीत जीव घुसमटायचा. मीना ओढणी भिजवून त्यांच्या छातीवर टाकायची, ती बघता बघता सुकायची. डॉक्टर यायचे ते दारातूनच बघून जायचे. रिपोर्ट मिरजेहून यायचा होता. आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं.

मग एका दुपारी बाबांनी तिचा हात धरला. डोळे स्वच्छ होते. मराठी सोडून ते चिनीत बोलू लागले, घरातल्या जुन्या चिनीत, जी ती लहानपणी अंथरुणात पडून ऐकायची.

ते म्हणाले, "नावं देऊन आलो."

"कसली नावं?" ती अडखळत म्हणाली.

"जहाजाला. तिघांची. तू म्हणतेस तसंच करू. जाऊ आपण."

मीनाला आधी कळलं नाही. मग कळलं. हे ती गोष्ट म्हणून ऐकत आली होती. आईला जायचं होतं, बाबा नाही म्हणाले, आई गेली. बाबांनी कधी हळहळ केली नव्हती. दुष्काळात मेलो असतो, एवढंच म्हणायचे, आणि ते खरंही होतं. पण माणूस आतल्या आत नावं द्यायची ती दुपार इतकी वर्षं पुन्हा पुन्हा जगत होता, हे लेकीला आज दिसलं.

"तू बोलत का नाहीस?" बाबा म्हणाले. "अजून रागावलीस?"

तिनं शब्द शोधले. आईचा आवाज कसा होता ते तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "नाही रागावले. जाऊ."

"हुइ च्या," बाबा म्हणाले. घरी जाऊ.

"हुइ च्या."

त्यांनी हात सोडला नाही. तिला वाटलं, झोप लागली. ऊन खिडकीच्या गजांवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात गार पडलाय.

रिपोर्ट आलेला नव्हता. म्हणून बाबा संशयित होते. दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला मीनानं सांगितलं, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. साताऱ्यात आमच्या आजोबांची जागा आहे, नाहीतर इथंच कुठंतरी कोपरा द्या. तो तरुण होता, थकलेला होता. त्यानं दोन-तीन ठिकाणी फोन लावले, हे तिनं बघितलं. परत येऊन म्हणाला, "कुणी जागा द्यायला तयार नाही, बाई. वरून आदेश आहे, दहनच करायचं. माझ्या हातात असतं तर…"  तिला बरोबर जाता येणार नव्हतं. तिचाही रिपोर्ट बाकी होता. बाबांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौघांनी उचललं. ती कुंपणापाशी गेली आणि तार धरून उभी राहिली. गाडी माळाच्या उतारावर दिसेनाशी झाली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. दोघांचाही निगेटिव्ह.

मीना घरी आली तेव्हा दाराला कसलातरी कागद चिकटवलेला होता. तिनं तो ओला करून खरवडून काढला. जयराज गल्लीच्या तोंडाशी उभा होता. "मावशी, निगेटिव्ह आला म्हणं. बरं झालं," तो म्हणाला, आणि काय बोलून गेलो ते कळून त्याचं तोंड उतरलं. मीनानं त्याच्याकडं बघितलं. रागवायला ताकद लागते, ती तिच्यात नव्हती.

संध्याकाळी बादशहा आणि त्याची बायको समीना आली. बादशहाच्या हातात मातीचं मडकं होतं, तोंडाला हिरवं फडकं बांधलेलं.

"कोण घ्याला आलं न्हाई म्हणून राख टाकून देणार हुते," तो म्हणाला. "मी भाजी उतरून येताना मसणवट्यात गेलो. म्हणले, तू कोण? म्हणलं, शेजारी. दिलं." त्यानं मडकं पुढं केलं. "आमाला ह्यातलं काय ठावं न्हाई, ताई. जाळल्याल्या माणसाचं काय करत्यात, कुठं ठेवत्यात. समीनानं वरच्या फळीवर ठेवलं हुतं, चटईवर. काय चुकलं असंल तर बगा."

"काही चुकलं नाही," मीना म्हणाली. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

तिच्या मनात देवळी होतं. आईशेजारी. पण राजस्थान कुठल्या कुठं, आणि गाड्या बंद. मग जून आला आणि लडाखच्या दरीत आपले जवान मेले. टीव्हीवर दिवसभर तेच. चौकात पोरांनी चिनी वस्तूंची होळी केली, त्या धुराचा वास घरात आला. मीनानं पुढचं दार लावून घेतलं आणि ती मागच्या दारानं ये-जा करू लागली. आता या तोंडानं राजस्थानला जायचं तिच्या मनातही येईना. राहता राहिला सातारा.

बादशहाच्या टेम्पोला भाजीचा पास होता. कोबीच्या पोत्यांपुढं, त्याच्या शेजारी, मांडीवर मडकं घेऊन ती साताऱ्याला गेली. दफनभूमी गावाच्या कडेला होती, देखरेखीला सयाजी नावाचे लष्करातले निवृत्त हवालदार होते. वयस्कर, कडक इस्त्रीची पँट, दंडावर जुन्या जखमेची खूण. त्यांनी तिला झाडाखाली बसवलं, प्यायला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग तिला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. आजोबांचा दगड होता. अर्धा जमिनीत गेलेला, वरची अक्षरं पावसानं खाल्लेली.

"हा का?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, कोणीतरी जपानी असंल."

"याच्या शेजारी ठेवू द्या," मीना म्हणाली. "एवढीशी जागा लागेल."

सयाजी दगडापाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी हितल्याच हाय, मला कळतंय. तुमच्या वडलांनी माझ्या आईचे दात काढल्यालं, बोळात, लढाईच्या आधी. चांगला माणूस. पण माझा भाचा आत्ता तिकडं वर हाय. आठ दिस फोन न्हाई. बहीण चुलीपाशी बसत न्हाई. ह्या गावात अशी किती घरं असतील! उद्या कुणाला कळलं की मी हितं चिनी माणूस पुरू दिला, तर हा दगड बी ऱ्हाणार न्हाई. तुमच्या आजोबाला तरी पडू द्या निवांत."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तिला त्यांचा रागही करता येईना. बासष्ट सालीही असंच कुणीतरी, असंच नम्रपणे, कपडे घ्यायला सांगितलं असेल. तिनं दगडावरची माती हातानं झाडली आणि मडकं घेऊन टेम्पोत येऊन बसली. 

घरी दगडाबाईनं दोघांची तोंडं बघितली आणि तिला कळलं.

"जतला चला," ती म्हणाली. "माझ्या भावाचं रान हाय. माळच हाय, काय पिकत न्हाई. तिथं कोण इचारणार?"

"तुझा भाऊ काय म्हणेल?"

"काय म्हणतोय? आमच्यात बी पुरत्यात माणसं. रान काय जात इचारतंय व्हय?"

बादशहानं दोघींना टेम्पोतून जतला नेलं. पाऊस तिकडं अजून फिरकला नव्हता. रस्त्याला पाण्याच्या टँकरमागं घागरींची रांग होती. दगडाबाईचा भाऊ अर्जुना मेंढरं पोराच्या हवाली करून पहार घेऊन आला. उंच, काळाभोर, डोक्याला लाल पटका. त्यानं मडक्याकडं बघून हात जोडले आणि मीनाला विचारलं, "कुठं?"

तिनं चौफेर पाहिलं. खडकाळ माळ, खुरटी बाभळ, लांब एक उघडी टेकडी. थडग्याच्या पाठीशी डोंगर असावा आणि समोर पाणी असावं, एवढं बाबांकडून तिनं ऐकलं होतं. डोंगर म्हणायला ती टेकडी होती. पाणी कुठंच नव्हतं. तिनं टेकडीकडं पाठ येईल अशी जागा दाखवली.

जमीन दगडासारखी होती. पहार आपटली की ठिणगी उडायची. अर्जुनाला वेळ लागला. मग बादशहानं पहार घेतली, मग पुन्हा अर्जुनानं. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा मीना खाली बसली आणि तिनं मडकं आत ठेवलं. हिरवं फडकं तसंच राहू दिलं.

अर्जुना घाम पुसत म्हणाला, "अक्का, तुमच्यात अशा वक्ताला काय म्हणत्यात? म्हणा, आमी थांबतो."

मीनानं तोंड उघडलं. बाबा दरवर्षी चैत्राच्या सुमाराला परसात उत्तरेकडं तोंड करून उभे राहायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे, देवळीतल्या बायकोसाठी. ती स्वयंपाकघरातून बघायची. शब्द कधी ऐकू आले नाहीत. तिनं विचारलं नाही आणि त्यांनी शिकवलं नाही. आता ते विचारायला या मुलखात कुणी नव्हतं.

तिघं तिच्याकडं बघत उभी होती. वारा सुटला होता आणि सैल माती आपणहून खड्ड्यात घरंगळत होती.

"काही म्हणत नाहीत," ती म्हणाली. "टाका माती."